पऱ्हाट्या बांधावर जाळू नका, दूषित जमिनीला त्या हव्या आहेत

वैशाखात कापसाचे रान मोकळे होते आणि उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर पेटवल्या जातात. नागपूरखाली नाग नदीच्या काठी, पुण्याखाली मुळा-मुठेच्या किंवा उल्हासनगरकडे वालधुनीच्या बाजूला तुमचे रान असेल, शहराच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्यावर ते वर्षानुवर्षे भिजत असेल, तर स्वच्छ रानातला हा काडीकचरा फार मोलाचा आहे. मृगापूर्वीच तो कामी लावा.

अशा जमिनीत कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम साठत जातात. ते कुजत नाहीत आणि पावसाने धुऊनही जात नाहीत. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीचे कॅडमियम भातात उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने हे मान्य केले. पुढे शेतांवर नवी माती चढवावी लागली आणि ते काम २०१२ पर्यंत चालले. आपल्या दोन एकरवाल्याला हे कसे परवडणार? म्हणून आपला मार्ग धातू काढण्याचा नाही, मुळांना तो मिळणार नाही असा मातीत बांधून ठेवण्याचा आहे.

आधी तपासणी करा. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात, त्यांत शिसे आणि कॅडमियम नसतात. प्रयोगशाळेला ते वेगळे सांगावे लागते. नमुना लाकडी किंवा प्लास्टिकच्या साधनाने घ्या. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नका.

धातू बांधून ठेवायला लागणारा पऱ्हाट्या, तुराट्यांचा कोळसा म्हणजेच बायोचार घरीच होतो. वर रुंद, खाली निमुळता खड्डा घ्या. तळाशी थोड्या काड्या पेटवा, त्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाका. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवा. राख होऊ द्यायची नाही, कोळसाच हवा. तो फोडून शेणखतात दोन आठवडे मुरवा आणि एकरी साधारण दोन टन या प्रमाणात वखराच्या पाळीने मिसळा. पहिल्या वर्षी सगळे रान घेऊ नका, चार-पाच गुंठ्यांवर करून पाहा. मात्र काड्या स्वच्छ रानातल्याच हव्यात. दूषित रानातल्या काड्यांचा धातू कोळशात उरतो आणि पुन्हा तिथेच येतो.

चुन्याबाबत मात्र सावध राहा. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत सामू ६.५ च्या आसपास आणला की कॅडमियम, शिसे, निकेल यांची हालचाल मंदावते. तिथे अंड्याच्या टरफलांची किंवा शिंपल्यांची बारीक पूड उत्तम काम करते, कारण दोन्हींत बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच असते. बेकऱ्या आणि खानावळींतून टरफले फुकट मिळतात. पण चुनखडीयुक्त काळ्या रानात, जिथे सामू आधीच आठच्या घरात आहे, तिथे हीच पूड टाकणे व्यर्थ आहे. उलट जस्त आणि लोहाची कमतरता वाढेल. तिथे कोळसा आणि चांगले कुजलेले कंपोस्ट हाच उपाय. क्रोमियम असेल तर कंपोस्ट जास्तच महत्त्वाचे, कारण सेंद्रिय पदार्थ क्रोमियमचे विषारी रूप कमी घातक रूपात बदलतात. शिशासाठी हाडांचा चुरा उपयोगी पडतो, त्यातल्या स्फुरदाशी शिसे घट्ट बांधले जाते.

शहरी कचऱ्याचे कंपोस्ट घेताना विक्रेत्याकडे तपासणी अहवाल मागाच. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. अहवाल नसेल तर ट्रॉली परत पाठवा. औष्णिक केंद्राची राख स्वस्त मिळते, पण तिच्यातच धातू असू शकतात. तपासल्याशिवाय ती शेतात आणू नये.

नाल्याचे पाणी चालूच राहिले तर हे सगळे कष्ट वाया जातील. विहिरीची किंवा बोअरची सोय होत असेल तर आधी ती करा. नसेल तर पालक, चुका, माठ, मेथी या रानात लावू नका. पालेभाज्यांच्या पानांत कॅडमियम सर्वांत जास्त चढते. झेंडू, शेवंती किंवा कापूस घ्या. धातू ओढून घेण्यासाठी मोहरी लावली, तर तिचा पाला गुरांना घालू नका, रानात गाडूही नका.

पुढच्या हंगामात पालेभाजी घ्यायचीच असेल, तर आधी एका वाफ्यातली भाजी तपासा. ताज्या पालेभाजीत किलोमागे कॅडमियम ०.२ आणि शिसे ०.३ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्यावर आकडा गेला तर ती भाजी बाजारात नेऊ नका आणि घरातही शिजवू नका.