गोळीतलं औषध आणि रक्तातलं औषध

मामा : गौरी, तुमच्या लॅबमध्ये पॅरासिटामॉल विजेवर मोजता म्हणे. आमच्या मेडिकलमध्ये तर पाकिटावरच छापलेलं असतं, ५०० मिलिग्रॅम!

गौरी : गोळीत किती ते छापतात हो, पण पोटात गेल्यावर रक्तात किती झालं ते कोण छापणार? मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही मर्यादा. कुणी मूठभर गोळ्या घेतल्या, तर यकृत वाचवायला डॉक्टरांना रक्तातला आकडा लागतो.

मामा : त्यात विजेचं काय काम?

गौरी : कार्बनच्या इलेक्ट्रोडला पुरेसा व्होल्टेज दिला, की पॅरासिटामॉलचा प्रत्येक रेणू २ इलेक्ट्रॉन आणि २ प्रोटॉन सोडतो. इलेक्ट्रॉन सुटले की प्रवाह वाहतो आणि आलेखावर शिखर उमटतं. औषध जास्त, तर शिखर उंच. आणि गंमत बघा, त्यातून जे क्विनोन-इमाइन बनतं, तेच अतिडोसात यकृताला जाळतं!

मामा : कार्बनच हवा ना? मग पेन्सिलचं शिसं घे की.

गौरी : घेतातही! पण रक्तात यूरिक आम्ल असतं, क जीवनसत्त्व असतं. त्यांचेही इलेक्ट्रॉन साध्या कार्बनवर जवळपासच्याच व्होल्टेजला सुटतात आणि शिखरं एकमेकांत घुसतात. म्हणून कार्बनमध्ये सुधारणा करायची. कॅन्सस विद्यापीठातल्या राल्फ अॅडम्स यांनी १९५८ मध्ये कार्बन पेस्टचा इलेक्ट्रोड मांडला. आम्ही आजही तसाच करतो. ग्रॅफाइटची पूड आणि खनिज तेल खलात घोटायचं, लगदा नळीच्या टोकात दाबून भरायचा आणि गुळगुळीत कागदावर घासून चकचकीत करायचा. टोक खराब झालं, की थोडा लगदा बाहेर ढकलून पुसून टाकायचा. खाली नवं टोक तयार.

मामा : आणि सुधारणा कुठे आली यात?

गौरी : घोटतानाच कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळायच्या. पृष्ठभाग वाढतो, इलेक्ट्रॉन झटपट सुटतात, शिखरं वेगळी दिसू लागतात. वरून नॅफिऑन या पॉलिमरचा पातळ थर दिला तर आणखी बरं. त्यावर ऋण भार असतो, म्हणून ऋण भाराचे यूरेट आणि अॅस्कॉर्बेट तो दूर लोटतो. पॅरासिटामॉलवर भारच नाही, ते आत शिरतं.

मामा : मग झालं की काम!

गौरी : शोधनिबंधात होतं. गोळी कुटून विरघळवली की आकडा छान येतो, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. रक्तातली प्रथिनं इलेक्ट्रोडला चिकटली की तोच इलेक्ट्रोड दुसऱ्या वेळी वेगळं सांगतो. माझ्या लेखी खरी परीक्षा ती.

मामा : म्हणजे आमच्या धंद्याला याचा उपयोग शून्य.

गौरी : उलट आजच आहे! दंडाला ग्लुकोज सेन्सर लावलेली गिऱ्हाइकं येतात ना? पॅरासिटामॉल अशा काही सेन्सरच्या इलेक्ट्रोडवरही इलेक्ट्रॉन सोडतं आणि साखर खोटीच वाढलेली दिसते. असं कुणी तापाची गोळी मागायला आलं, तर आधी सेन्सरचं माहितीपत्रक वाचायला सांगा.