टायर बदलताना

मुलांनो, गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. गोरेगाव मागे पडले की काही वेळाने मुरदोलीचे जंगल लागते. नवेगाव आणि नागझिरा ही दोन जंगले या भागात एकमेकांना जोडलेली आहेत. २०१३ साली ती मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. दिवस मावळल्यावर तिथे कोणी विनाकारण थांबत नाही.

नेमके तिथेच एका संध्याकाळी माझ्या मोटारसायकलचे मागचे चाक बसले. बाभळीचा काटा होता. आपल्याकडे धानाच्या बांध्यांवर बाभळी असतात, त्यांच्या फांद्या बैलगाड्यांतून जातात आणि काटे रस्त्यावर सांडतात. पण दोष एकट्या काट्याचा नव्हता. माझे टायर झिजून गुळगुळीत झाले होते आणि ते मला महिनाभरापासून ठाऊक होते. रविवारी दुकानात जाऊन ताटकळत बसण्याचा मला कंटाळा होता. त्या कंटाळ्याची किंमत म्हणून मी अंधारात गाडी ढकलत निघालो. शेवटी धानाची पोती नेणाऱ्या एका टेम्पोने मला गाडीसह उचलून घेतले.

घरी आल्यावर मी ठरवले, आता टायर आपणच बदलायचे. हाताने टायर बदलण्याचा एक स्वस्त लोखंडी स्टँड मिळतो. त्याला खाली तीन पाय असतात आणि मध्ये एक उभा दांडा असतो. वर चाक आडवे ठेवून घट्ट धरण्याची सोय असते. बाजूला एक दाबण्याची दांडी असते आणि टायर काढण्या-घालण्यासाठी एक लांब, चपट्या टोकाची पहार असते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. असा स्टँड मी मागवला. सोबत नवे टायर आणि नवी ट्यूबही आणली.

टायर विकत घेताना त्याच्या बाजूवरचे आकडे वाचायला शिका. माझ्या टायरवर २.७५-१८ असे लिहिले होते. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. आणखी एका लहान चौकटीत चार आकडे असतात. तिथे ३२२३ असेल, तर ते टायर २०२३ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनले. रबर नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते, म्हणून हे चार आकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रविवारी सकाळी अंगणात मी काम सुरू केले. गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. मागच्या ब्रेकची सळई सोडली, आसाचा नट काढला, आस ओढून घेतला आणि चाक बाहेर काढले. इथपर्यंत सगळे ठीक झाले. व्हॉल्व्हमधली बारीक पिन काढून हवा सोडली. स्टँडच्या दांडीने टायरची कड दाबली, तशी ती रिमपासून सुटली. मग मी पहार घातली आणि जोर लावला. टायर जागचे हलले नाही. स्टँडच गरगर फिरला! तो जमिनीला बोल्टने पक्का करावा लागतो, हे मी वाचले होते. पण अंगणातली फरशी फोडायला घरून परवानगी नव्हती. शेवटी स्टँड एका जाड फळीवर बोल्टने बसवला आणि गल्लीतल्या दोन मुलांना फळीवर उभे केले.

जुने टायर घामाघूम होऊन निघाले. नवे बसवताना मात्र माझी फजिती झाली. निम्मी कड सहज आत गेली. उरलेली जाईना. मी पहारेवर सगळे वजन टाकले. कड कशीबशी आत गेली, मी हवा भरली आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर चाक पुन्हा जमिनीला टेकलेले.

फळीवर उभ्या असलेल्या त्या दोन मुलांपैकी एक माझ्याच वर्गातला होता. तो आदल्या दिवशी काहीतरी सांगू पाहत होता. ‘सर, समोरची बाजू खाली दाबा,’ असे तो दोनदा म्हणाला होता. मी ऐकले नव्हते. आता मी त्याला विचारले, ‘समोरची बाजू दाबून काय होते?’ तो म्हणाला, ‘अब्बा म्हणतात, टायरला आधी खड्ड्यात उतरवा, मग ते स्वतः चढते.’

मुलांनो, हे एक वाक्य नीट समजून घ्या. सगळी गोष्ट त्यातच आहे.

टायरचे रबर ताणले जाते, पण टायरची कड ताणली जात नाही. तिच्या आत पोलादी तारेचे कडे असते. अठरा इंची चाकात त्या कड्याचा व्यास सुमारे ४६ सेंटीमीटर असतो. रिमचा बाहेरचा काठ त्याहून दोन-तीन सेंटीमीटरने मोठा असतो. आता सांगा, लहान कडे मोठ्या काठावरून कसे जाणार? नुसत्या जोराने ते जाणार नाही. लांब पहारेने तुमचा जोर दहा-पंधरा पटींनी वाढतो हे खरे. पण तो वाढलेला जोर तार तोडील, रिम वाकवील किंवा ट्यूब कापील. म्हणून रिमच्या मधोमध, अगदी गोल, एक खोलगट घळ ठेवलेली असते. कडेचा एक भाग त्या घळीत उतरवला की समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते. मग तिथली कड काठावरून अलगद जाते. मी एका बाजूला जीव खाऊन ओढत होतो आणि समोरची कड घळीत न उतरता वरच बसून होती.

हातातली बांगडी तुम्ही कशी काढता? अंगठा तळव्याकडे वळवता, हात निमुळता करता आणि मग ती सरकवता. ओढून काढली तर बांगडी फुटते. टायरचेही तसेच आहे.

ही घळ नव्हती तेव्हा काय होत होते, तेही ऐका. जॉन बॉईड डनलॉप हे बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर होते. १८८८ साली त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर तयार केले. टायर उत्तम होते, पण ते रिमला कायमचे चिकटवलेले असे. १८८९ साली फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असे पंक्चर झालेले टायर घेऊन आला. ते सोडवून दुरुस्त करायला काही तास लागले आणि गोंद वाळायला अख्खी रात्र गेली. तेव्हा त्यांनी सहज काढता येणारे टायर करायचे मनावर घेतले आणि १८९१ साली ते केले. दरम्यान १८९० साली इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेत तार आणि रिममध्ये घळ अशी जोडी सुचवली होती. आज तुमच्या घरच्या मोटारसायकलीला हीच जोडी आहे. आपल्या गल्लीतला कारागीर पायाने टायर दाबतो, तेव्हा तो वेल्चचीच युक्ती वापरतो. त्याला ते नाव माहीत नसेल, मलाही तेव्हा नव्हते.

आता माझ्या बसलेल्या चाकाकडे येऊ. त्या मुलाचे वडील पंक्चरचे दुकान चालवतात. आमच्या वर्गात ‘माझे वडील’ हा निबंध दिला होता, तेव्हा त्याने ‘माझे वडील व्यापार करतात’ एवढेच लिहून वही मिटली होती. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. त्या दिवशी चाक घेऊन आम्ही दोघे दुकानाकडे निघालो, तेव्हा तो माझ्या दोन पावले मागे चालत होता.

दुकानदारांनी चाक हातात घेतले. स्टँड नाही, पहार नाही. दोन लहान लिव्हर आणि पायातली चप्पल, एवढ्यावर त्यांनी माझ्या तिप्पट वेगाने टायर उघडले. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या टबात फिरवली. बुडबुडे दिसताच ते हसले आणि म्हणाले, ‘सर, हा काटा नाही. हा तुमच्या पहारेचा चिमटा आहे.’

मी विचारले, ‘भाई, कसे ओळखले?’ त्यांनी भोक दाखवले. ते म्हणाले, ‘भोक रस्त्याच्या बाजूला असेल तर काटा किंवा खिळा. रिमच्या बाजूला असेल तर स्पोकचे टोक वर आले आहे किंवा रिमवरचा रबरी पट्टा सरकला आहे. आणि अशी बाजूला लहानशी चीर असेल, तर ट्यूब लोखंडात चिमटली. भोक कुठे आहे ते न पाहता ठिगळ लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.’

मग त्यांनी माझ्याकडूनच टायर बसवून घेतले. प्रथम टायरच्या आतून हात फिरवायला लावला, हळूहळू, कारण आत टोक असेल तर तेच हाताला लागते. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, ते पाहायला लावले. ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरली, म्हणजे तिला आकार येतो आणि ती लोखंडाखाली सापडत नाही. कडेला साबणाचे पाणी लावले. तेल किंवा ग्रीस कधी लावू नका. ते रबर खाते आणि टायर रिमवर घसरते. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून केली आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. का? व्हॉल्व्हच्या बुडामुळे तिथे कड घळीत उतरू शकत नाही. म्हणून बाकीची कड घळीत राहील आणि ढील व्हॉल्व्हपाशी मिळेल, अशी ही व्यवस्था. शेवटच्या वितीला त्यांनी मला जोर लावू दिला नाही. ‘थोडे थोडे घ्या, दोन बोटे, दोन बोटे,’ ते म्हणत राहिले. आणि खरोखर, शेवटचा भाग ‘टप्’ करून आत गेला. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून पाहिला, म्हणजे त्याच्या बुडाखाली कड अडकलेली राहत नाही.

हवा भरताना बोटे कडेपासून दूर ठेवा. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, तर टायर नीट बसले. कुठे दबलेली दिसली, तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा आणि पुन्हा भरा. टायरवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त हवा भरून ती रेघ वर आणण्याचा हट्ट करू नका. गाडीला चाक लावल्यावर आसाचा नट, ब्रेक आणि साखळीचा ताण पाहायचा, आणि पहिले काही किलोमीटर सावकाश जायचे.

तो स्टँड अजून माझ्याकडे आहे. कड सोडवायला तो फार चांगला. एकट्या माणसाची कंबर वाचते. पण ब्रेकचा नट मी अजूनही दुकानदारांना दाखवून घेतो. ज्या कामात जीव अडकलेला असतो, ते दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेले बरे, असे मला वाटते.

आम्ही निघालो तेव्हा त्या मुलाने माझे चाक उचलून खांद्यावर घेतले आणि तो पुढे चालू लागला. आठवड्याने त्याने निबंधाची वही पुन्हा माझ्या टेबलावर ठेवली. या वेळी दोन पाने भरली होती. भोक कोणत्या बाजूला असेल तर काय समजावे, हे त्याने चित्र काढून दाखवले होते. ‘पंक्चर’ हा शब्द मात्र सगळीकडे ‘पंचर’ असा लिहिला होता. मी लाल शाईने तेवढाच दुरुस्त केला.