पाचव्या आरोपीची बाजू

लोणी काळभोर

चि. ओंकार,

दरोडा आणि खुनाच्या खटल्यातला पाचवा आरोपी तुझ्याकडे बचावासाठी आला, हे तुझ्या पत्रात वाचलं. चौघे बंगल्यात शिरले, हा सोलापूर रस्त्याला गाडी चालू ठेवून बसला, आणि सरकारी वकील त्यालाही फाशी मागणार म्हणून तू चिडला आहेस. चिडून काम होणार नाही. कायदा त्यांना तसं मागू देतो. पाच किंवा अधिक जणांच्या दरोड्यात एकानं खून केला तरी सगळ्यांना फाशी होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत हे कलम 396 होतं, न्याय संहितेत 310(3). पण त्याच कलमात जन्मठेप आहे, आणि किमान दहा वर्षांची सक्तमजुरीही आहे. तुझी सगळी लढाई तिथे.

ज्यानं स्वतः जीव घेतला नाही त्याला फासावर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तो निर्दोष असतो म्हणून नव्हे. आत मारली गेलेली माणसं कुणाची तरी आईबाप होती, आणि गाडी नसती तर टोळी तिथवर पोचलीच नसती. पण मारणाऱ्याविरुद्ध हत्यार असतं, रक्ताचे डाग असतात, बोटांचे ठसे असतात. बाहेर थांबलेल्याच्या मनात काय होतं, हे मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडूनच कळतं. तो दुसरा पुष्कळदा माफीचा साक्षीदार असतो, स्वतःची मान सोडवायला बोलणारा.

गांधीहत्येचा खटला या नजरेनं वाच. पुण्यात शस्त्रं विकणारा दिगंबर बडगे 20 जानेवारी 1948 ला गांधींना मारण्याच्या फसलेल्या प्रयत्नासाठी बिर्ला हाउसवर गेलेल्यांत होता. तो माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. नारायण आपटेनं गोळी झाडली नव्हती, पण 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याला गोडसेबरोबर तोही फाशी गेला. आपटे कटाच्या मुळाशी होता याबद्दल मला शंका नाही, त्याची कणवही नाही. तू पाहायचंय ते वेगळंच. सावरकरांविरुद्धच्या बडगेच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही, आणि ते निर्दोष सुटले. साक्षीदार तोच. म्हणून तुझ्या खटल्यातल्या माफीच्या साक्षीदाराचं एकेक वाक्य घे आणि त्याला दुजोरा कुठे आहे ते विचार.

पोलिसांनी ऐकलेल्या शब्दांवरही असाच एक जीव गेला. 1952 साली इंग्लंडमधल्या क्रॉयडनला सोळा वर्षांच्या ख्रिस्तोफर क्रेगनं एका पोलिसाला गोळी घातली, तेव्हा त्याचा जोडीदार डेरेक बेंटली आधीच पोलिसांच्या ताब्यात होता. क्रेग वयामुळे वाचला. बेंटलीनं त्याला ओरडून चिथावलं, असं पोलिसांनी सांगितलं. 28 जानेवारी 1953 ला त्या एकोणीस वर्षांच्या पोराला फाशी दिली, आणि 1998 साली अपील न्यायालयानं त्याची दोषसिद्धीच रद्द केली!

सरकारी वकील मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या, स्वतः बॉम्ब न पेरलेल्या याकूब मेमनचं नाव घेतील. घेऊ देत. मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी कायम केली, पण त्याच निकालात बॉम्ब पेरणाऱ्या दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आणली, कारण ते दुसऱ्यांच्या हातातली बाहुली होते. हुकूम देणारा कोण आणि पाळणारा कोण, हे न्यायालय पाहतं. 1980 च्या बच्चनसिंग निकालातही दुसऱ्याच्या दबावाखाली वागणं हे शिक्षा सौम्य करण्याचं कारण म्हणून नोंदलंय. मग तुझ्या माणसाला गाडी कुणी दिली, किती पैसे कबूल केले, आत हत्यारं जाताहेत हे त्यानं पाहिलं का, हे त्याच्याकडून शांतपणे काढून घे. पहिल्या भेटीत तो खोटं बोलेल. पुन्हा जा.

आणि वय. 1994 च्या पुण्यातल्या राठी हत्याकांडात सात जीव गेले. त्यातल्या फाशीची शिक्षा झालेल्या एकाचं वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा होतं, हे शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2023 मध्ये मान्य केलं, तोवर त्याची अठ्ठावीस वर्षं तुरुंगात गेली होती. तुझा आरोपी एकोणीसचा, हे तू आरोपपत्रातून उतरवलंयस. त्याच्या आईला आजच फोन कर आणि शाळेचा दाखला मागव.

रविवारी येशील तेव्हा सगळे जबाब घेऊन ये. माफीच्या साक्षीदाराचं म्हणणं कोणत्या तारखेपासून वाढत गेलं, ते आपण दोघं बसून लावू.

तुझी
आत्या