घरातील ‘रेंज’ : उपाय आणि अपाय

बँकेकडून येणारा सांकेतिक अंक असो की १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस द्यावयाची हाक असो, ग्रामीण जीवनातील अनेक निकडीची कामे आज भ्रमणध्वनीवर अवलंबून आहेत. असे असूनही सह्याद्रीच्या कुशीतील कित्येक वाड्यांत फोन खिडकीच्या गजाला टांगलेला दिसतो आणि बोलण्यासाठी अंगणाचा ठराविक कोपरा गाठावा लागतो.

हा कोपरा शोधणे हाच खरे तर पहिला शास्त्रीय उपाय होय. रेडिओलहरी जांभ्याच्या जाड भिंतीत क्षीण होतात, सळईच्या काँक्रीटमध्ये अधिक. लोखंडी पत्रा तर त्या जवळजवळ सर्वच परतवून लावतो. म्हणूनच पत्र्याच्या घरात रेंज येते ती मुख्यतः दारा-खिडक्यांच्या वाटेने. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यामानाने सहज आत येतात. फाइव्ह-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना ते तितकेसे साधत नाही. घरात फाइव्ह-जी बंद करून फोर-जी ठेवल्यास संभाषण पुष्कळदा सुधारते, ते यामुळेच.

पडद्यावरील दांड्यांवर मात्र विसंबू नये. बहुतेक फोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील सिमच्या माहितीत लहरींची शक्ती डीबीएम या एककात दिसते. फोर-जीसाठी उणे ८५ चांगली, उणे ११५ अगदी क्षीण. या दोहोंत शक्तीचा फरक हजारपट असतो! कागद-पेन्सिल घेऊन माजघर, पडवी, माळा येथील आकडे टिपून ठेवावेत. शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही ते पाहावेत. जवळचे मनोरे कोठे आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर पाहता येते. फोनच्या पाठीवर लावावयाच्या चकचकीत पट्ट्यांवर पैसे खर्चू नयेत. त्यांनी काही साधत नाही.

घरी किंवा शाळेत तारेने आलेले इंटरनेट असेल, तर वाय-फायवरून नेहमीच्याच क्रमांकाने बोलता येते. ही सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये व जिओने जानेवारी २०२० मध्ये भारतात सुरू केली. फोनमधील ‘वाय-फाय कॉलिंग’ची कळ तेवढी चालू करावी लागते.

सर्वांत मोठा धोका आहे तो बाजारात मिळणाऱ्या ‘बूस्टर’चा. छपरावरील अँटेना व घरातील अँटेना एकमेकींच्या जवळ असल्या की यंत्र स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवीत राहते, जसा सभेतील ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर धरला असता किंचाळतो. तो गोंगाट मनोऱ्यापर्यंत पोहोचतो आणि त्याखाली दूरच्या फोनची क्षीण हाक बुडून जाते. एका घराची सोय होते, पण पलीकडच्या वाडीतील बाळंतिणीसाठी केलेला फोन लागत नाही. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज इतरांनी असे यंत्र बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर असल्याचे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

गावात अचानक सर्वांचीच रेंज बिघडली, तर ग्रामपंचायतीने संबंधित कंपनीस लेखी कळवावे. गोंगाट कोणत्या दिशेने येतो, हे कंपनीच्या तंत्रज्ञांना उपकरणाने शोधता येते.