अंगुलिमाल भिक्षेला गेले तेव्हा



अंगुलिमालाची गोष्ट आपण लहानपणीच विहारात ऐकलेली असते. दरोडेखोर बुद्धांच्या मागे धावतो, त्यांना गाठू शकत नाही आणि शेवटी शस्त्र टाकून भिक्खू होतो. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्त मात्र पुढे जाते. आजचा पाठ त्या पुढच्या भागाचा आहे.

राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. बुद्धांजवळ बसलेला भिक्खू पाहून त्याने दंड तर केला नाहीच, उलट चीवर, भोजन, औषध देऊ केले. राज्याने माफ केले, रस्त्याने केले नाही. पुढे अर्हत झालेले अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेले, तेव्हा त्यांना ढेकळे आणि काठ्या लागल्या. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. त्याच अवस्थेत ते बुद्धांकडे परतले. बुद्धांनी त्यांना सहन करायला सांगितले. हे त्यांच्याच कर्माचे फळ होते.

यातून काय शिकायचे? माणूस बदलला तरी लोकांच्या मनातली त्याची ओळख लगेच बदलत नाही. ज्यांची माणसे मारली गेली त्यांचे दुःखही खरेच असते. पण अंगुलिमालांना रक्तबंबाळ अवस्थेत परत यायला एक जागा होती. ती जागा म्हणजे संघ.

अमेरिकेत राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांतून दरवर्षी चार लाखांहून अधिक माणसे सुटतात. पुढे नोकरीचा अर्ज, भाड्याचे घर, प्रत्येक ठिकाणी जुना गुन्हा आडवा येतो. २०१९ च्या फेअर चान्स कायद्यामुळे डिसेंबर २०२१ पासून बहुतेक केंद्रीय नोकऱ्यांत आधी नोकरी देऊ करावी लागते, मगच गुन्ह्याबद्दल विचारता येते. बहुतेक खासगी मालकांना तो कायदा लागू नाही.

आत असताना केलेली साधना बाहेर उपयोगी पडते का? सिएटलजवळच्या नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी या तुरुंगात १९९७ पासून तो २००२ मध्ये बंद होईपर्यंत दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होत. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना सुटकेनंतर तीन महिन्यांनी असे आढळले की, शिबिर केलेल्यांचे दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचे सेवन इतर कैद्यांपेक्षा कमी झाले होते.

शिक्का म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्यावरचा शिक्का जन्माने मारलेला होता. सुटून आलेल्याने बहुधा काही केलेले असते. हा फरक विसरू नये. पण माणूस जन्माने नव्हे, कर्माने ठरतो असे आपण म्हणतो, तर कर्म बदलल्यावर माणूस बदलतो हेही मान्य केले पाहिजे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अंगुलिमालाच्या दीक्षेला जागा दिली, ती उगीच नाही.

म्हणून या महिन्यात एवढे करून पाहा. आपल्या ओळखीत कोणी सुटून आले असेल, आपल्याच समाजातले असो वा नसो, त्याला रविवारच्या वंदनेला बोलवा. गाडी नसेल तर घेऊन या. “काय केले होतेस?” असे पहिल्याच भेटीत विचारू नका. पॅरोलच्या अटी असतील तर त्या पाळायला मदत करा. पैशांचे व्यवहार आणि मुलांची जबाबदारी याबाबत सावध राहा. सावधपणा आणि मैत्री एकत्र राहू शकतात.

चिंतनासाठी प्रश्न: भिक्षापात्र फुटलेला माणूस आपल्या विहाराच्या दारात आला, तर त्याला बसायला कोण सांगेल?

भवतु सब्ब मंगलं.