वाचले, पण उमगले का?

तिसरी-चौथीतले मूल धडा घडाघडा वाचते. पण 'काय सांगितले आहे?' असे विचारताच गप्प बसते. गणितातील शाब्दिक उदाहरणेही त्याला याच कारणाने अडतात. यासाठी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे द्यावीत.

समजा, घरी बीजप्रक्रियेची घडीपत्रिका आहे. सोयाबीनच्या १० किलो बियाण्यास आधी बुरशीनाशक चोळावे, नंतर २५० ग्रॅम रायझोबियम लावून बियाणे सावलीत सुकवावे, असा मजकूर मुलाला वाचू द्यावा. औषधाला मात्र हात लावू देऊ नये.

१. प्रत्येक वाक्यानंतर थांबवून अर्थ सांगावयास लावावे. घरची बोली चालेल.
२. 'आधी काय, नंतर काय?' असा क्रम विचारावा.
३. 'सावलीतच का?' असे विचारावे. विचार करू द्यावा. मग उन्हाने जिवाणू मरतात हे सांगावे.
४. अडलेला शब्द मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ओळखू द्यावा.

आपणास वाचता येत नसले तरी हे प्रश्न विचारता येतात. चुकल्यास रागावू नये, पुन्हा वाचावयास सांगावे. शाळेतही धडा मुलांकडून स्वतःच्या शब्दांत सांगवून घ्यावा, अशी गुरुजींना विनंती करावी.

उद्या शिफारशी हीच मुले वाचणार आहेत. क्रम चुकला, तर बीजप्रक्रिया वाया जाते.