तेलाचा हात: घरगुती मालिश आणि आरोग्याची जाण

लखनऊ शहरात गोमतीच्या पलीकडे इंदिरा नगर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने ती वसवली. तिच्या एका अंगाला कुकरैलचे राखीव जंगल आहे आणि त्या जंगलाच्या वाटेवरच औषधी व सुगंधी वनस्पतींचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. हिवाळ्यात या भागात दाट धुके पडते. सकाळ सरून ऊन वर आले म्हणजे गच्चीवर किंवा अंगणात खाट टाकली जाते, वाटीत मोहरीचे तेल कोमट करून आणले जाते आणि घरातील वडीलधारी स्त्री पाय पसरून त्यांवर नातवंडाला निजवते. वाटीतले तेल सोडले, तर हे दृश्य महाराष्ट्रातील वाचकाला मुळीच परके वाटणार नाही. कोकणात त्या वाटीत खोबरेल असेल, देशावर तिळाचे तेल असेल; हात मात्र तोच.

हा हात बाळाचे भले करतो की बुरे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याला तो प्रश्न उद्धट वाटतो आणि परंपरा झिडकारणाऱ्याला तो अनावश्यक वाटतो. वास्तविक त्याचे उत्तर अभ्यासाने मिळू शकते. त्यातील महत्त्वाचा भाग लखनऊच्या परिसरात आणि आपल्या गडचिरोलीत झालेल्या कामातूनच मिळाला आहे.

मालिशीची परंपरा

अंगाला तेल लावण्यास आयुर्वेदात अभ्यंग म्हणतात. चरकसंहितेत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंगाचा समावेश दिनचर्येत, म्हणजे निरोगी माणसाच्या रोजच्या वागणुकीत केलेला आहे. डोके, कान आणि तळपाय यांना तेल लावण्यावर वाग्भटाचा विशेष भर आहे. मात्र अजीर्ण झालेल्या माणसाने अभ्यंग करू नये, असेही त्याने बजावले आहे. मालिश कोणी करावी याबरोबरच कोणी करू नये, हा विचार आपल्या परंपरेत पहिल्यापासून आहे. पुढे घराघरांत विधी उरला आणि निषेध विसरला गेला.

दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, उटणे, बाळाची टाळू भरणे, बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणे हे सारे आपल्याकडे याच परंपरेतून आले. अवधमध्ये मोहरी वाटून केलेल्या लेपास 'बुकवा' म्हणतात. तो बाळ आणि बाळंतीण या दोघांच्याही अंगाला चोळतात. हे काम पूर्वापार दाई किंवा नाइन करीत आली, तसे आपल्याकडे सुईण किंवा अंघोळ घालणारी बाई करते. या स्त्रियांना शाळेचे शिक्षण क्वचितच मिळाले. तरी शेकडो अर्भके त्यांच्या हाताखालून गेलेली असतात. ही कला परदेशीही गेली. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे मालिशीचे स्नानगृह चालविले. आज केस धुण्याच्या पदार्थासाठी जो 'शाम्पू' शब्द जगभर रूढ आहे, तो हिंदीतील चाँपणे, म्हणजे दाबणे, या क्रियापदावरून आलेला आहे.

स्पर्शाने काय घडते?

मालिशीत दोन गोष्टी एकत्र असतात: स्पर्श आणि तेल. त्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

त्वचेमध्ये हळुवार, संथ स्पर्शाला प्रतिसाद देणारे विशिष्ट मज्जातंतू असतात. हात सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या गतीने फिरला, तर ते सर्वाधिक उद्दीपित होतात. आई सहजपणे बाळाच्या पाठीवरून हात फिरवते, तो याच गतीने. १९८६ साली अमेरिकेतील टिफनी फील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी १५ मिनिटे, असा दहा दिवस स्पर्शोपचार दिला. या अर्भकांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वाढले. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चार आठवडे मालिश केलेल्या बालकांची वाढ अधिक चांगली झाली आणि मालिशीनंतर त्यांना झोपही अधिक लागली; निरनिराळ्या तेलांमध्ये तिळाच्या तेलाचा परिणाम सर्वांत चांगला दिसला. मुंबईत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाच्या मालिशीने अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या वजनवाढीचा वेग खनिज तेलापेक्षा अधिक आढळला. आजीच्या हाताला शास्त्राची अशी पुष्टी मिळते.

तेलाची पारख

तेलाच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. त्वचा हा शरीराचा तट आहे. तो शरीरातील पाणी व ऊब आत राखतो आणि रोगजंतूंना बाहेर अडवतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकात हा तट कच्चा असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या त्वचेचा तट थोडा बिघडवून तिच्यावर वेगवेगळी तेले लावली गेली. सूर्यफुलाच्या तेलाने तट लवकर सावरला. मोहरीच्या तेलाने तो सावरण्यास उलट विलंब झाला. मोहरीचा जो झणझणीतपणा आपल्याला गुणकारी वाटतो, तोच कोवळ्या त्वचेला दाहक ठरतो. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या बालकांना सूर्यफुलाचे तेल लावले असता रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

रुग्णालयातील निष्कर्ष खेड्यातील घरालाही लागू पडतो काय, याचा शोध लखनऊच्या शेजारच्या रायबरेली जिल्ह्यात, शिवगढ भागात घेण्यात आला. सुमारे २६ हजार नवजात बालकांचा त्यात समावेश होता. एका गटात मोहरीऐवजी सूर्यफुलाचे तेल देऊन हळुवार मालिश शिकवली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील बालकांचे वजन दर किलोमागे दिवसाला सुमारे एक ग्रॅम अधिक वाढले. सर्व बालकांचा एकत्र विचार केला असता मृत्यूच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. परंतु जन्मतः दीड किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्या बालकांमध्ये मृत्यू ५२ टक्क्यांनी कमी झाले. याचा अर्थ असा की, धडधाकट बालकाला कोणते तेल लावले यावर त्याचे जगणे सहसा अवलंबून नसते. दुबळ्या बालकाच्या बाबतीत मात्र ते अवलंबून असू शकते.

मोहरीच्या तेलाचा आणखी एक धोका लक्षात ठेवण्याजोगा आहे. पिवळ्या धोत्र्याचे बी दिसायला मोहरीसारखेच असते. त्याची भेसळ झालेले तेल पोटात गेल्यास पायांवर सूज येते, धाप लागते, हृदय दुबळे होते व दृष्टीवरही परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत अशा तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली. हे विष त्वचेतूनही शरीरात शिरते. केवळ मालिशीने बाधा झालेल्या रुग्णांची नोंद १९८५ साली प्रसिद्ध झाली आहे. या विषाचे विस्तृत संशोधन लखनऊच्याच विषविज्ञान संस्थेत झाले. म्हणून सुट्या, अनोळखी तेलाची मालिश स्वस्त पडली तरी टाळावी.

शिवगढ आणि गडचिरोली

उत्तरेतील हिवाळ्यात मालिशीचा सर्वांत मोठा धोका थंडीचा असतो. नुकत्याच जन्मलेल्या ओल्या बाळाला उघडे ठेवून न्हाऊ घालणे, चोळणे आणि स्तनपान लांबणीवर टाकणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याच्या अंगातील ऊब झपाट्याने ओसरते. शिवगढमध्ये २००३ ते २००५ या काळात कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या चालीरीतींविषयी संवाद साधला. त्यांनी केवळ आईशी बोलून भागवले नाही. सासू, दाई, शेजारीण आणि घरातील पुरुष यांनाही त्या संवादात घेतले. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे, अंघोळ लांबवणे, लगेच स्तनपान देणे व नाळ स्वच्छ राखणे या साध्या गोष्टींवर भर दिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले. एका गटाला बाळाच्या शरीराच्या उष्णतेनुसार रंग बदलणारी चकतीही दिली होती. तिच्यामुळे अधिक लाभ झाला नाही. बाळे वाचली ती माणसांच्या वागणुकीत झालेल्या बदलामुळे.

त्याआधी हाच धडा गडचिरोलीने दिला होता. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून आशा कार्यकर्तीने ठरलेल्या दिवशी नवजात बाळाच्या घरी जाण्याची जी योजना देशभर राबवली जाते, तिच्या मुळाशी हा अनुभव आहे.

मालिश करताना

वरील विवेचनावरून काही साधे नियम निघतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाला ऊब आणि दूध यांची गरज सर्वाधिक असते. मालिशीची घाई नको. कमी वजनाच्या बाळाची मालिश डॉक्टर किंवा आशा कार्यकर्तीला विचारूनच सुरू करावी. खोली उबदार असावी, वारा लागू नये. नखे कापलेली, हात साबणाने धुतलेले असावेत. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्यात. तेल कोमट करून आधी आपल्या मनगटावर पाहावे. हात हळुवार फिरवावा, रगडू नये. अंगाचा एक भाग उघडावा, तो झाकावा आणि मग दुसरा उघडावा.

नाक, कान किंवा डोळ्यांत तेल कधीही सोडू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरून तेथे गंभीर सूज निर्माण करते. नाळेवर तेल, हळद किंवा राख लावू नये. ती कोरडी राहिली पाहिजे. बाळाच्या छातीवर दिसणाऱ्या गाठी पिळून त्यातील दूध काढण्याची चाल अपायकारक आहे, कारण तिने गळू होते. पुदिन्याचे सत्त्व व कापूर असलेले बाम लहान बाळांना लावू नयेत. त्यांनी श्वास अडण्याचा धोका असतो. बाळाला ताप असेल, ते दूध ओढत नसेल, सुस्त किंवा थंड पडले असेल, तर मालिश करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा.

बाळंतिणीलाही मालिशीने विश्रांती मिळते आणि दिवसातून काही वेळ कोणी तरी आपली काळजी घेते आहे, हे समाधान मिळते. तथापि शस्त्रक्रियेची जखम भरेपर्यंत पोट चोळू नये. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर ती मुळीच चोळू नये. तेथे रक्ताची गुठळी असू शकते व ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. शेक-शेगडी बंद खोलीत ठेवल्यास तिचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक होतो. मोठ्या माणसांतही हाड मोडल्याची शंका असताना मालिश करू नये. पडलेल्या मुलाचे सुजलेले कोपर चोळून घेतल्याने तेथे स्नायूत हाड धरते आणि सांधा कायमचा आखडतो, असे अनुभव अस्थिरोगतज्ज्ञांना वारंवार येतात. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांनी तेलाची उष्णता दुसऱ्याकडून तपासून घ्यावी.

उपसंहार

इंदिरा नगरसारख्या वसाहतीत आज दवाखाने आहेत, औषधांची दुकाने आहेत आणि मालिशीचा व्यवसाय करणारेही आहेत. तरीही बाळाच्या पहिल्या महिन्यातील बहुतेक निर्णय घरातच, आजी आणि न्हाऊ घालणारी बाई यांच्या सल्ल्याने होतात. शिवगढ व गडचिरोली येथील कार्यकर्त्यांनी हे ओळखले. त्यांनी या स्त्रियांना अडाणी म्हणून बाजूला सारले नाही. त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या भाषेत बोलून, जे हितकर होते ते राखले आणि जे घातक होते ते त्यांच्याकडूनच सोडवून घेतले. ज्या घरात लवकरच बाळ येणार आहे, तेथील आजी, सून आणि मालिश करणारी बाई यांनी एकदा एकत्र बसून वरील नियम मोठ्याने वाचावेत. त्यांपैकी कोणते आपण आधीपासून पाळतो आणि कोणते आता बदलायचे, हे तिघींनी मिळून ठरवावे.